रविवारची प्रार्थना वस्तीपर्यंत नेणारा माणूस : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे म्हटलं, की अस्पृश्यता निवारणाचं काम डोळ्यांसमोर येतं. पण हा माणूस मुळात धर्मप्रचारक होता. एका लहानशा मंडळीच्या रविवारच्या उपासनेतून त्यांचं मोठं काम उभं राहिलं, ही गोष्ट गावाकडं फारशी कुणाला ठाऊक नाही.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीत झाला. आज हे गाव कर्नाटकात आहे. वडील रामजी वारकरी. घरात पंढरीची ओढ आणि भजनाची गोडी. गरिबी होती, पण पोरगं शिकलं, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जाऊन १८९८ मध्ये बी. ए. झालं. वकिलीचा अभ्यास सुरू होता, पण मन रमलं ते प्रार्थना समाजात.

काय होता हा समाज?

३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रार्थना समाज स्थापन केला. पुढं न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, नारायणराव चंदावरकर अशी मोठी माणसं त्यात आली. देव एकच, मूर्ती नाही, मध्ये भटजी नाही, जातिभेद नाही, असं त्यांचं मानणं होतं. दर रविवारी मंडळी जमायची. भजन, प्रार्थना आणि मग उपदेश. तुकोबांचे अभंग तिथं मोठ्या प्रेमानं गायले जात. समाजानं मजुरांसाठी रात्रशाळा काढल्या, पंढरपूरचा अनाथ बालकाश्रम चालवला.

पण मंडळी लहानच राहिली. बहुतेक सभासद शहरातले, शिकलेले, वरच्या जातींतले. रविवारी मंदिरात सगळे सारखे, पण घरी गेल्यावर अनेकांच्या घरात जुने विधी अन् जातीचे रिवाज चालूच असत.

विलायतेत काय पाहिलं?

१९०१ साली इंग्लंडमधल्या युनिटेरियन पंथाच्या मंडळींनी शिंदे यांना शिष्यवृत्ती दिली. प्रवासाला बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी मदत केली. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षं त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला. युनिटेरियन हाही प्रार्थना समाजासारखाच उदार विचारांचा, एकेश्वरी पंथ. तिथं रविवारच्या उपासनेबरोबर मुलांचे वर्ग भरत. शहरातल्या गरीब वस्त्यांत जाऊन पंथाची माणसं काम करत. हे शिंदे यांनी नीट पाहून घेतलं.

१९०३ मध्ये परत येऊन ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. उपासना चालवायच्या, गावोगावच्या समाजांना भेटी द्यायच्या, तरुणांना जोडायचं, अशी धावपळ सुरू झाली. याच फिरतीत १९०५ च्या सुमारास अहमदनगरजवळच्या भिंगारला महार बांधवांची रात्री सभा झाली. या लोकांसाठी आयुष्य द्यायचं, असा निश्चय शिंदे यांनी तिथं केला.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. यालाच डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणत. अध्यक्ष चंदावरकर, सचिव शिंदे. बहीण जनाक्का आणि म्हातारे आई-वडीलही या कामात उतरले. ज्यांची सावली टाळली जायची, त्यांच्यात सगळं कुटुंब राहिलं.

किंमतही मोजावी लागली. स्वजातीचे लोक दुरावले. समाजातल्या काही जणांना त्यांची मतं आणि कामाची रीत पटेना. १९१० मध्ये त्यांनी मुंबई समाजाचं प्रचारकपद सोडलं. समाज सुटला, पण उपासना सुटली नाही. पुण्यात मिशनचं काम वाढलं, नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागं शिंदे यांची खटपट होती. पुढं मिशनमध्येही मतभेद झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी तिथली सूत्रं सोडली. शेतकऱ्यांच्या परिषदांतही ते उभे राहिले, १९३० च्या कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास भोगला.

उतारवयात पुण्यात त्यांनी कौटुंबिक उपासना मंडळ चालवलं. कारण साधं होतं. बायका-पोरांसकट अख्खं घर प्रार्थनेला बसलं, तर देवापुढची समता चुलीपर्यंत जाईल. मंदिरातला उपदेश घराच्या उंबऱ्याशी अडतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

२ जानेवारी १९४४ रोजी महर्षी शिंदे गेले. आज गावोगावी सप्ताह बसतात, कीर्तनं होतात, पंगती उठतात. मांडवात सगळे एका सतरंजीवर बसतात, ही चांगलीच गोष्ट. पण सप्ताह उठल्यावर कोण कुणाच्या घरात पाणी पितं, हे शिंदे यांनी आधी विचारलं असतं.