सुईची भीती वाटते? मग इन्सुलिन शोधणाऱ्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांची ही गोष्ट वाचा

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याकडे बालदिन. शाळेत कार्यक्रम होतात, मुलांना खाऊ मिळतो. त्याच तारखेला जगभर मधुमेह दिनही पाळला जातो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. ही तारीख निवडली गेली ती कॅनडातल्या एका डॉक्टरमुळे. त्यांचं नाव फ्रेडरिक बँटिंग. १८९१ साली याच दिवशी त्यांचा जन्म झाला. बालदिन आणि मधुमेह दिन एकाच तारखेला यावेत हा निव्वळ योगायोग. पण बँटिंग यांच्या कामाने सगळ्यात आधी जीव वाचवले ते मुलांचेच.

आपल्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, कुणाला तरी शुगर असतेच. गोळ्या चालू असतात तोवर सगळं ठीक. पण डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. आता सुईवर आले म्हणजे अखेरची पायरी, असं कुणीतरी खाला नाहीतर चाचा बोलून जातात. अम्मी डॉक्टरांना गळ घालतात की गोळ्या वाढवा, पण सुई नको. हीच सुई मिळावी म्हणून शंभर वर्षांपूर्वी आई-बाप मरणाच्या दारातली लेकरं घेऊन टोरोंटोला येत होते. ते दिवस आठवले तर आपली ही भीती थोडी कमी होईल, असं आम्हाला वाटतं.

त्या काळी लहान मुलाला मधुमेह झाला की त्याचं पुढचं आयुष्य महिन्यांत मोजलं जाई. मूल सारखं पाणी मागायचं, सारखी लघवी व्हायची, खाऊनही वाळत जायचं. डॉक्टरांकडे एकच उपाय होता, तो म्हणजे उपाशी ठेवणं. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी अगदी मोजून-मापून थोडंसंच खायला देण्याची पद्धत काढली होती. त्याने काही मुलं वर्ष-दोन वर्षं जास्त जगली, पण हाडांचा सापळा होऊन.

दोष कुठे आहे याचा अंदाज डॉक्टरांना आलेला होता. आपल्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती दोन कामं करते. एक म्हणजे अन्न पचवणारा रस तयार करून नळीवाटे आतड्यात सोडणं. दुसरं काम तिच्यात विखुरलेले पेशींचे बारीक पुंजके करतात. हे पुंजके १८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने पाहिले होते. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर त्या कुत्र्याला मधुमेह झाला. पुढे कळलं की ते पुंजके थेट रक्तात काहीतरी सोडतात आणि त्यामुळे साखर शरीराच्या कामी येते. ते मिळालं नाही की साखर रक्तातच साचून राहते. जेवण पोटात जातं, पण शरीर उपाशीच राहतं.

मग स्वादुपिंडाचा अर्क काढून रोग्याला का देऊ नये? अनेकांनी तसे प्रयत्न केले. पण अर्क कधी चालायचा, कधी नाही, आणि कधी त्याचा त्रासच जास्त व्हायचा. पचनाचा रस त्या मोलाच्या पदार्थाला आधीच खाऊन टाकतो, असं अनेकांना वाटत होतं. गाडी तिथेच अडली होती.

आता बँटिंग यांच्याकडे वळू. ओंटारिओ प्रांतातल्या ॲलिस्टन गावाजवळ त्यांच्या वडिलांची शेती होती. पाच भावंडांत हे सगळ्यात धाकटे. अभ्यासात हुशार म्हणून त्यांचं नाव कधीच नव्हतं. टोरोंटोच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी ते नापास झाले, आणि मग १९१२ साली मेडिकलला गेले. पहिलं महायुद्ध चालू असताना डॉक्टर झाले आणि सैन्यात भरती झाले. १९१८ साली फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या उजव्या हातात घुसला. तशाही अवस्थेत ते कित्येक तास जखमी सैनिकांवर इलाज करत राहिले. त्यासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस हे पदक मिळालं.

पदक मिळालं, पण रोजगार मिळेना. टोरोंटोत हाडांचे सर्जन म्हणून जागा मिळाली नाही, म्हणून १९२० च्या जुलैत त्यांनी लंडन शहरात दवाखाना थाटला. हे लंडन इंग्लंडातलं नव्हे, ओंटारिओतलंच. पेशंट येईचनात. पहिल्या महिन्याची कमाई झाली फक्त ४ डॉलर. चार पैसे मिळावेत म्हणून ते तिथल्या मेडिकल कॉलेजात तासाला २ डॉलरवर शिकवू लागले.

३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री ते स्वादुपिंडावरच्या लेक्चरची तयारी करत होते. मोझेस बॅरन या डॉक्टरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. नळी खड्याने बंद झालेल्या एका रोग्यात पचनाचा रस बनवणारा भाग सुकून गेला होता, पण पुंजके शाबूत होते. बँटिंग यांना झोप लागेना. रात्री दोनच्या सुमारास उठून त्यांनी वहीत चार ओळी खरडल्या. कुत्र्याची नळी बांधून ठेवायची, रस बनवणारा भाग सुकू द्यायचा आणि मग उरलेल्या पुंजक्यांचा अर्क काढायचा. घाईत डायबिटीस या शब्दाचं स्पेलिंगसुद्धा चुकलं.

आठवडाभराने ते टोरोंटो विद्यापीठात प्रोफेसर जॉन मॅक्लिऑड यांना भेटले. मॅक्लिऑड या विषयातले जाणकार. समोरच्या डॉक्टरचा अभ्यास कच्चा आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. तरीही त्यांनी प्रयोगशाळेची खोली दिली, १० कुत्रे दिले आणि २२ वर्षांचा चार्ल्स बेस्ट हा मदतनीस दिला. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झालं. मॅक्लिऑड सुट्टीत स्कॉटलंडला गेले. इकडे दोघे टोरोंटोच्या उन्हाळ्यात, सुरुवातीला बिनपगारी राबत होते. ऑपरेशनं फसत होती, कुत्रे मरत होते.

३० जुलैला एका मधुमेही कुत्र्याला अर्क टोचला. तासाभरात रक्तातली साखर २०० वरून १२० वर आली. ते कुत्रं फार जगलं नाही, पण वाट सापडली होती.

गंमत अशी की बँटिंग यांची मूळ कल्पना पूर्ण बरोबर नव्हती. नळी बांधून आठवडेच्या आठवडे थांबायची गरजच नव्हती, हे पुढे त्यांच्याच कामातून दिसलं. कत्तलखान्यातून आणलेल्या जनावरांच्या ताज्या स्वादुपिंडातून अल्कोहोल वापरूनही अर्क निघत होता. कल्पना अर्धीमुर्धी होती, पण माणूस मागे हटला नाही. डिसेंबरात जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ येऊन मिळाले. अर्क शुद्ध करण्याचं काम त्यांनी हाती घेतलं.

टोरोंटो जनरल हॉस्पिटलात लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा पडून होता. वजन जेमतेम ३० किलो. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. फायदा नावापुरता झाला आणि सुईच्या जागी गळू आलं. काम थांबवावं लागलं. कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून जास्त शुद्ध अर्क बनवला. २३ जानेवारीला तो दिला. लिओनार्डच्या रक्तातली साखर ५२० वरून १२० वर उतरली. मूल उठून बसलं. पुढे तो आणखी १३ वर्षं जगला.

एलिझाबेथ ह्यूजेस या मुलीची हकीकतही अशीच. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची ही लेक. पैसा, ओळखी, कशाचीच कमी नव्हती, तरी मुलगी डोळ्यांदेखत संपत चालली होती. तीन वर्षं उपासमारीचा इलाज झाल्यावर १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरोंटोला आली, तेव्हा वजन होतं सुमारे २० किलो. बँटिंग यांनी तिला इन्सुलिन सुरू केलं. तिचं पुढे लग्न झालं, मुलं झाली. १९८१ साली ती वारली तेव्हा तिचं वय ७३ होतं. आयुष्यभरात तिने सुमारे ४२ हजार इंजेक्शनं घेतली.

हे चौघे गुण्यागोविंदाने राहिले असं मात्र नाही. बँटिंग तापट होते आणि संशयीही. श्रेय आपल्या हातून जाईल ही धास्ती त्यांना कायम असे. कॉलिप यांच्याशी तर प्रकरण हातघाईवर गेलं. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना जाहीर झालं, तेव्हा बेस्टला वगळलं म्हणून बँटिंग भडकले. त्यांनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला. मॅक्लिऑड यांनी आपला अर्धा वाटा कॉलिप यांना दिला. रुमानियाचे निकोलाय पाउलेस्कू यांनीही १९२१ मध्येच अशाच अर्काचे प्रयोग छापले होते. नोबेलमध्ये त्यांचं नाव आलं नाही.

पण एका बाबतीत या मंडळींनी मन मोठं ठेवलं. पेटंटमधून अमाप पैसा करता आला असता. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले हक्क प्रत्येकी १ डॉलर घेऊन टोरोंटो विद्यापीठाला देऊन टाकले. औषधावर कुणा एकाची मक्तेदारी होऊ नये, हा हेतू. आज जगात कित्येकांना इन्सुलिनची किंमत परवडत नाही, तेव्हा हा एक डॉलर आठवल्याशिवाय राहत नाही.

नोबेल मिळालं तेव्हा बँटिंग ३२ वर्षांचे होते. वैद्यकशास्त्रात इतक्या कमी वयात ते आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. फुरसतीत ते चित्रं काढायचे. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी संशोधन करताना ते इंग्लंडला निघाले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांचं विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं. २१ फेब्रुवारीला, वयाच्या ४९ व्या वर्षी ते गेले.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, की इन्सुलिन कशापासून बनतं? पूर्वी ते गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून माणसाच्या इन्सुलिनसारखंच इन्सुलिन जिवाणू आणि यीस्ट यांच्याकडून बनवलं जाऊ लागलं. आज दुकानात मिळणारं बहुतेक इन्सुलिन असंच बनलेलं असतं. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला त्या औषधाचं नाव दाखवून विचारावं. मनात ठेवून सुई बंद करू नये.

इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही. जे आपलं स्वादुपिंड द्यायला कमी पडतं, ते बाहेरून दिलं जातं, एवढंच. मुलांच्या मधुमेहात ते पहिल्या दिवसापासून लागतं. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात स्वादुपिंड हळूहळू थकतं, आणि काहींना पुढे ते लागतं. त्यात पेशंटची चूक नाही आणि लाज वाटण्यासारखंही काही नाही. ओंटारिओच्या लंडनमध्ये बँटिंग यांच्या घरासमोर १९८९ पासून एक ज्योत तेवते आहे. मधुमेहावर पक्का इलाज मिळेल त्या दिवशी ती विझवायची, असं ठरलं आहे. तोवर ही सुई आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांनी तिचं नाव काढलं, तर अम्मी-अब्बांना लिओनार्डची गोष्ट जरूर सांगा.