कापसाचे सौदागर शेठ प्रेमचंद रायचंद

सुरतेच्या जैन कुटुंबात १८३१ साली जन्मलेले शेठ प्रेमचंद रायचंद मुंबईत दलालीच्या व्यवसायात शिरले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. ग्राहक शोधण्यास जावे लागले नाही. लिव्हरपूलची मागणीच मुंबईच्या दारी आली. भाव गगनाला भिडले. कापसाचा पैसा बॅक बे भराव कंपनीच्या शेअरांत ओतला गेला व शेठजींच्या शब्दावर बाजार चालू लागला. (तेजीची ही नशा आम्हा कापडवाल्यांस अपरिचित नाही.) परंतु ग्राहक गरजेपुरताच आला होता. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, शेठजींचेही दिवाळे निघाले. जुनी बँक ऑफ बॉम्बे त्याच पडझडीत गेली; तिच्या कर्जवाटपाचा दोष त्यांच्याकडेही जातो, हे लपविण्यात अर्थ नाही.

पुढे ते पुन्हा व्यापारात उभे राहिले. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

भरभराटीच्या काळात मुंबई विद्यापीठास त्यांनी ग्रंथालय व मनोरा यांसाठी दान दिले. मातोश्री राजाबाईंच्या नावाचा तो मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या दृष्टिहीन मातेस त्याच्या टोल्यांवरून वेळ कळे, अशी कथा आपल्या समाजात आजही सांगितली जाते.