टाकळीचा शंख

वडिवळ्याच्या धरणाभोवतीच्या टेकड्यांवर नजर टाकली, म्हणजे डोंगराच्या अंगावर एकावर एक रचलेले काळ्या पाषाणाचे थर दिसतात. मुलांनो, पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे वर आलेला आणि थिजून गेलेला तप्त लाव्हारस तो हाच. ही घटना सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. अशा जळत्या रसात प्राण्याचे हाड कसे टिकावे? म्हणून मावळातल्या मुलाने हातोडी घेऊन कितीही कातळ फोडला, तरी त्याला पुराणकाळच्या प्राण्याचा अवशेष सहसा मिळावयाचा नाही. परंतु हाच काळा पाषाण पूर्वेकडे थेट नागपूरपर्यंत पसरलेला आहे. आणि तेथे, दोन काळ्या थरांच्या मध्ये दबलेल्या पांढुरक्या दगडात, एका परदेशी शिक्षकाला एके काळचे जिवंत जग सापडले. त्या शिक्षकाचे नाव स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. वडील गवंडी होते, तेव्हा दगडाची ओळख घरातच होती म्हणावयास हरकत नाही. थोरल्या भावाला निसर्गनिरीक्षणाचा छंद होता. कीटक, वनस्पती, दगड गोळा करण्याची गोडी धाकट्याला त्याच्यापासून लागली. पुढे विद्यापीठातील शिक्षण पुरे करून ते ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले आणि १८४४ च्या डिसेंबरात पत्नीसह मुंबईस उतरले. तेथून नागपूरला पोचण्यास फेब्रुवारी १८४५ उजाडला. आगगाडी नागपूरला पोचली ती १८६७ साली. तोपर्यंत हा सारा प्रवास खुष्कीचाच असे.

त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप यांनी तेथे शाळा काढली, मराठी भाषा शिकून घेतली आणि पुढे गोंड लोकांची भाषा, त्यांच्या कथा व चालीरीती यांचाही अभ्यास आरंभिला. धर्मप्रसार हे त्यांचे नेमलेले काम होते. त्यासाठी थंडीच्या दिवसांत ते दूरदूरच्या खेड्यांतून हिंडत. या फिरतीत वाटेवरचा एकही वेगळा दगड त्यांच्या नजरेतून सुटत नसे. १८४७ साली रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी त्यांना येऊन मिळाले. त्यांनाही हाच नाद होता, त्यामुळे दोघांची जोडी चांगली जमली.

१८५१ साली सीताबर्डीपासून जवळच असलेल्या टाकळी येथे या दोघांना दगडात रुतलेले लहानसे शंख आढळले. ते गोगलगायींचे होते. तुम्ही म्हणाल, गोगलगायीच्या शंखात एवढे काय विशेष? विशेष हे, की तो शंख समुद्रातील नव्हता, गोड्या पाण्यातील होता. आणि तो काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये बसलेला होता. म्हणजे आज जेथे उघडा माळ होता, तेथे एके काळी गोड्या पाण्याचे तळे असले पाहिजे. मग शोधाला जोर आला. टाकळीच्या त्या दगडांतून शंखांपाठोपाठ फळे निघाली, बिया निघाल्या, लाकडाचे तुकडे निघाले. इतकेच नव्हे, तर भुंगेऱ्यांचे कठीण पंखही निघाले. ज्याच्या अंगावर बोट ठेवले तरी चुरडून जावा असा कीटक, आणि त्याचा पंख कोट्यवधी वर्षे दगडात टिकून राहिला!

हे कसे घडले असेल? एक लाव्हाप्रवाह येऊन थंड झाला, की पुढचा येईपर्यंत पुष्कळ काळ लोटत असे. त्या शांततेच्या काळात खोलगट जागी पाणी साचले, काठावर झाडे रुजली, पाण्यात गोगलगायी वाढल्या. मग पुन्हा जमीन फाटली आणि नवा रस सर्वांवर पसरला. तळ्याच्या बुडाशी गाळात गाडले गेलेले तेवढे वाचले. मुंबईच्या वरळी टेकडीतही अशाच दगडात इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले होते, आणि इंग्लंडचे प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले होते. टाकळीचे थर हिस्लॉप यांना वाटले त्याहून जुने आहेत, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. परंतु तेथे गोडे पाणी होते, हे त्यांचे अनुमान अचूक ठरले.

नागपूरच्या दक्षिणेस मांगली नावाचे गाव आहे. तेथील दगड या काळ्या पाषाणाहून कितीतरी प्राचीन. त्यात वीतभराहून लहान अशी एक चपटी, रुंद कवटी मिळाली. हिस्लॉप आणि हंटर यांनी ती लंडनला पाठविली. ओवेन यांनी १८५५ साली तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. आखूड तोंडाचा व रुंद डोक्याचा, असा त्या नावाचा अर्थ. हा प्राणी बेडकाप्रमाणे पाण्यात व जमिनीवर राहणाऱ्या वर्गातील होता. डायनोसॉर हा शब्द १८४२ साली प्रथम योजणारे गृहस्थ हेच ओवेन. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मात पानांचे ठसे मिळाले, तर वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यास प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. शाळा सांभाळून, उन्हातान्हात वणवण करून, हिस्लॉप हे सारे गोळा करीत आणि लेख लिहून लंडनच्या भूविज्ञान संस्थेकडे धाडीत. टाकळीजवळच्या एका हिरव्या खनिजाला शास्त्रज्ञांनी त्यांच्या नावावरून हिस्लॉपाइट असे नाव दिले. घरी कपाटे नमुन्यांनी भरून वाहत असतील आणि घरच्या माणसांची त्यावर कुरकुरही होत असेल. छंदी माणसाच्या घरी हे चालावयाचेच.

नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठमोठ्या शिळांची वर्तुळे आहेत. १८६३ च्या सप्टेंबरात तेथे उत्खनन चालले होते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप ते पाहावयास गेले. ४ सप्टेंबरला त्यांनी बोरी येथील शाळा तपासली आणि सायंकाळी एकटेच घोड्यावर बसून परत निघाले. पावसाचे दिवस. वाटेतला ओढा सकाळी सहज ओलांडता आला असला, तरी संध्याकाळी तो भरून वाहत होता. त्यांनी घोडा पाण्यात घातला असावा. रिकामा घोडा तेवढा परत आला, आणि माणसे शोधाला धावली, तेव्हा ओढ्यात हिस्लॉप यांचा देह मिळाला. चार दिवसांनी त्यांना शेहेचाळीस वर्षे पूर्ण होणार होती.

गोंडांविषयीचे त्यांचे लेखन अपुरेच राहिले होते. ते कागद टेंपल यांनी एकत्र करून १८६६ साली प्रसिद्ध केले. नागपुरात १८८३ साली त्यांच्या नावाने महाविद्यालय सुरू झाले. टाकळघाटची शिळावर्तुळे अभ्यासकांना पुन्हा खुणावत राहिली आणि १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. पिसदुऱ्याची गोष्ट तर त्याहून नवलाची. तेथे हाडांबरोबर त्या प्रचंड प्राण्यांची दगड बनलेली विष्ठाही मिळते. २००५ साली शास्त्रज्ञांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे बारीक कण आढळले. डायनोसॉरांच्या काळी गवत उगवत होते, हे तोपर्यंत कोणासही ठाऊक नव्हते.