घराण्यांच्या चिजा पुस्तकात कशा आल्या? वकिली सोडून गाण्यामागे लागलेल्या भातखंडेंची गोष्ट

गाण्याच्या परीक्षेला बसणारं पोर मोहोळचं असो की मुंबईचं, स्वराखाली आडवी रेघ दिसली की तो स्वर कोमल, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ आली की तो तीव्र. वर टिंब असेल तर तार सप्तक, खाली असेल तर मंद्र. मोबाइलवर फिरणाऱ्या नोटेशनमध्येही याच खुणा असतात. त्या घरोघरी पोहोचवल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी.

कोण होते भातखंडे?

जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईतलं वाळकेश्वर. १८८५ मध्ये बीए, १८८७ मध्ये एलएलबी. वकिली सुरू झाली, पण सतार आणि गाणं सुटलं नाही. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी. पुढे वकिली मागे पडली आणि भटकंती सुरू झाली.

अडचण नेमकी काय होती?

मोझार्टने आठव्या वर्षी लिहिलेली पहिली सिम्फनी आजही कागदावरून वाजवता येते. आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जायची, तीही गुरूच्या मनात असेल तर. यात नुसता हट्ट नव्हता. चीज ही घराण्याची पुंजी होती, त्यावर पोट चालायचं. पण गायक गेला की त्याच्याबरोबर चिजाही जायच्या.

भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत फिरले. तिथली ७२ मेळांची मांडणी अभ्यासून त्यांनी पुढे हिंदुस्थानी राग १० थाटांत बसवले. जयपूर, रामपूर अशा ठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि स्वर-तालासह लिहून काढल्या. स्वतःही रचना केल्या. त्यातली लक्षणगीतं गमतीची आहेत: रागाचे नियम त्याच रागात गायचे! अशा रचनांत ते ‘चतुर’ हे नाव घालत.

‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मिळून दीड हजारांहून अधिक बंदिशी छापल्या गेल्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचीही वेगळी स्वरलिपी होती, पण भातखंडेंची वाचायला सोपी, म्हणून ती जास्त पसरली.

मग विरोध का झाला?

मींड, गमक कागदावर पूर्ण उतरत नाही. एकच चीज दोन घराण्यांत वेगळी गातात, छापताना मात्र एकच रूप पक्कं होतं. शिवाय भातखंडे मैफल गाजवणारे गायक नव्हते. हे आक्षेप खोटे नाहीत. मात्र ज्याला गुरूच्या दारात प्रवेश नव्हता, त्याच्या हातात निदान पुस्तक तरी आलं.

१९१६ मध्ये बडोद्यात त्यांच्या पुढाकाराने संगीत परिषद भरली. १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज ते भातखंडेंच्या नावाचं विद्यापीठ आहे. १९३३ मध्ये आजाराने त्यांना अंथरुणाला खिळवलं. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचं निधन झालं. मालिकेचा शेवटचा भाग छापून आला तो त्यानंतर.