लाकूड वाकविणारा कारागीर

ऱ्हाईन नदीच्या काठी बोपार्ड नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १७९६ साली मिखाएल टोनेटचा जन्म झाला. बाप कातडी कमावण्याचा धंदा करी. मुलाने मात्र सुतारकाम पत्करले.

खुर्चीला गोलाई आणण्यासाठी लाकूड कापले, तर ते पुष्कळ वाया जाते आणि सांधेही दुबळे राहतात. मग लाकूडच का वाकवू नये? या विचाराने टोनेटला पछाडले. पातळ पट्ट्या सरसात उकळून त्याने त्या साच्यात वाकविल्या. १८४१ साली कोब्लेन्त्सच्या प्रदर्शनात हे काम पाहून आस्ट्रियाचा प्रधान मेटर्निक खूश झाला व त्याने टोनेटला व्हिएन्नास बोलाविले. पण इकडे धनकोंनी त्याची मालमत्ता जप्त केली! पंचेचाळिशीच्या पुढे गेलेल्या या माणसाला बायकामुलांसह परक्या शहरात, दुसऱ्याच्या कारखान्यात, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला.

त्यात आणखी एक अडचण होती. दूरदेशीच्या दमट हवेत सरस सुटे आणि खुर्ची खिळखिळी होई. तेव्हा टोनेटने सरस सोडून बीच वृक्षाचे अखंड लाकूड वाफेवर मऊ केले. वाकविताना बाहेरची बाजू ताणून फाटते, म्हणून तिला त्याने लोखंडी पट्टी घट्ट बांधली. युक्ती साधी, पण तिच्यामागे वर्षांचे कष्ट होते.

१८५९ साली त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची निघाली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार! एक मीटर लांब, रुंद व उंच पेटीत अशा छत्तीस खुर्च्या सुट्या भागांच्या रूपाने मावत. पोहोचल्यावर त्या जोडावयाच्या. एक पाय मोडला, तर तेवढाच बदलावा. गिऱ्हाइकाला पाठीची निराळी नक्षी हवी असेल, तर बैठक व पुढचे पाय तेच ठेवून पाठीतली कमान तेवढी बदलली की नवा नमुना तयार होई. प्रत्येकाच्या आवडीसाठी अख्खी खुर्ची नव्याने घडविण्याचे कारण उरले नाही.

१८७१ साली टोनेट व्हिएन्नास वारला. कारखाने त्याच्या पाच मुलांनी पुढे चालविले. १९३० सालापर्यंत एकट्या चौदा क्रमांकाच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या खपल्या. मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतही संगमरवरी टेबलांभोवती वाकविलेल्या लाकडाच्या अशाच खुर्च्या आल्या. एखादी उलटी करून पाहिली, तर बैठकीखाली स्क्रूंची डोकी दिसत.