युद्धामुळं भारतात अडकलेल्या होमी भाभांनी ठरवलं, मोजायची यंत्रं आपणच बनवायची

साल होतं १९३९. केंब्रिजमध्ये नाव कमावलेला २९ वर्षांचा एक पारशी तरुण सुट्टीसाठी भारतात आला होता. सप्टेंबरमध्ये युरोपात महायुद्ध पेटलं आणि त्याचा परतीचा रस्ता बंद झाला. तो तरुण म्हणजे होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटलं की लोकांना अणुऊर्जा, ट्रॉम्बे आणि विमान अपघात आठवतो. पण त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलेली अजून एक गोष्ट होती, इलेक्ट्रॉनिक्स. आज भारतात कण टिपणाऱ्या यंत्रांसाठी खास चिप तयार होतात, त्याची सुरुवात शोधायला गेलं तर भाभांच्या काळापर्यंत मागं जावं लागतं.

घरच्यांना हवा होता इंजिनिअर

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. त्यांची आत्या मेहरबाई या दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलानं इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावं, असं घरच्यांच्या मनात होतं. १९२७ ला भाभा केंब्रिजला गेले. १९३० मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले आणि मग आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळले.

त्यांचा विषय होता वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येऊन आदळणारे कण. १९३५ मध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी मांडलं. त्याला आजही जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

कण दिसतो कसा?

कण डोळ्यांना दिसत नाही. तो डिटेक्टरमधून जाताना मागं थोडासा विद्युतभार सोडून जातो, तेवढाच पुरावा. आजच्या ०.३ मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉन डिटेक्टरमध्ये हा पुरावा साधारण वीस-पंचवीस हजार इलेक्ट्रॉनचा असतो. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण घरातल्या साध्या बल्बमधून सेकंदाला अब्जावधींच्या अब्जावधी इलेक्ट्रॉन जातात. त्यापुढं हा सिग्नल म्हणजे जत्रेतली कुजबुज.

ही कुजबुज लांब वायरीतून नेली तर वाटेतल्या गोंगाटात विरून जाते. म्हणून डिटेक्टरला अगदी चिकटून एक छोटं सर्किट बसवतात, जे सिग्नल आधी मोठा करतं. त्यालाच प्रीअॅम्प्लिफायर म्हणतात. हे सर्किट कच्चं असेल, तर डिटेक्टर कितीही भारी असला तरी उपयोग शून्य.

भाभांच्या काळात चिप नव्हत्या. काचेचे व्हॉल्व्ह आणि गायगर काउंटर यांवर काम चालायचं. काउंटर एकावर एक ठेवायचे आणि सगळे एकाच क्षणी वाजले तरच कण गेला असं धरायचं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात राहून भाभांनी वैश्विक किरणांचा विभाग उभा केला. युद्धकाळात अशी उपकरणं विमानात चढवून ३०,००० फुटांपर्यंतची मोजमापंही घेतली.

एक पत्र आणि एक बंगला

मार्च १९४४ मध्ये भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. भारतात अणुऊर्जा येईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत, असा त्यांचा हिशोब होता. गंमत म्हणजे पुढं ज्यांनी भाभांना सगळ्यात जास्त बळ दिलं ते पंडित नेहरू त्या वेळी अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, सुरू झाली. बंगळुरूहून ती मुंबईत आली ती पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यात. याच वास्तूत भाभांचा जन्म झाला होता. इथं भाभांनी शास्त्रज्ञांबरोबर इलेक्ट्रॉनिक्सची माणसंही जमवली. त्यातलं मोठं नाव म्हणजे ए. एस. राव.

या तयारीचा कस लागला ट्रॉम्बेत. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनमधून आलं होतं, पण अणुभट्टीवर लक्ष ठेवणारी आणि तिला आवरणारी नियंत्रण यंत्रणा रावांच्या गटानं इथं बनवली होती. तिथं चूक झाली असती, तर नुसता प्रयोग फसण्यावर भागलं नसतं.

१९६५ मध्ये टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोल, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची खूण टिपली. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक.

अहवाल आला, भाभा नव्हते

१९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये सरकारनं इलेक्ट्रॉनिक्ससाठी समिती नेमली. अध्यक्ष होते भाभा. पण २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं विमान आल्प्सच्या माँ ब्लां शिखराजवळ कोसळलं. त्यात भाभा गेले, वय अवघं ५६. समितीचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिची धुरा ए. एस. राव यांच्याकडे होती.

पुढं काय झालं? कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटनं मानस नावाची चिप आखली. एका चिपमध्ये १६ सिग्नल हाताळण्याची सोय. ती चंदीगडजवळच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये बनली आणि जिनिव्हाजवळच्या सर्नच्या अॅलिस प्रयोगात बसली. तिथल्या म्युऑन टिपणाऱ्या यंत्रणेला दहा लाखांहून जास्त सिग्नल वाचायचे होते. भारतातल्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेसाठी ट्रॉम्बेच्या बीएआरसीनं अनुस्पर्श नावाची चिप तयार केली.

अशी चिप बाजारात तयार मिळत नाही. डिटेक्टर कोणता, सिग्नल केवढा, वीज किती खर्चायची, हे ठरवून ती प्रत्येक प्रयोगासाठी नव्यानं आखावी लागते. आणि ते काम त्यालाच जमतं, ज्याच्याकडे सर्किट बनवणारी माणसं आधीपासून घरात असतात. १९४४ च्या त्या पत्रात भाभांनी नेमकी हीच तजवीज मागितली होती.