माळरानावरचा कीटकवेडा

फ्रान्सच्या दक्षिणेकडील सेरीन्यां या गावी उन्हाळ्याच्या दिवसांत सिकाडा हे कीटक झाडांवर बसून कर्कश सूर लावत. एके दिवशी गावातील एका वृद्ध गृहस्थांनी जत्रेत वाजविण्यात येणाऱ्या दोन तोफा मागवून घेतल्या, दारापुढच्या झाडांखाली त्या ठासून भरल्या आणि काचा फुटू नयेत म्हणून घराच्या खिडक्या उघडून ठेवल्या. तोफा धडाडल्या, पण सिकाडांच्या गायनात तसूभरही फरक पडला नाही. हे गृहस्थ म्हणजे कीटकांचे चरित्रकार म्हणून जगभर ओळखले जाणारे जाँ आंरी फाब्र. सिकाडांना ऐकू येत नसावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पुढे चुकीचा ठरला, कारण सिकाडांना आपल्या जातभाईंचे सूर उत्तम ऐकू येतात. मात्र जिवंत कीटकालाच प्रश्न विचारण्याची त्यांची रीत विज्ञानाने उचलून धरली.

डिसेंबर १८२३ मध्ये सँ-लेओं या खेड्यात एका गरीब कुटुंबात फाब्र यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते शिक्षक झाले आणि कार्पांत्रा येथे नोकरीला लागले. मुलांना जमीनमोजणी शिकवायला रानात नेले असता मुले मोजणी सोडून दगडांवरील गवंडी मधमाश्यांच्या घरट्यांतील मध चाखू लागली. या माश्यांची माहिती देणारा ग्रंथ फाब्र यांनी विकत घेतला. त्याची किंमत महिन्याच्या पगाराएवढी होती! घरखर्चाची ओढाताण झाली. पण आयुष्याची दिशा ठरली.

लेओं द्यूफूर या संशोधकाचे लेखन वाचून ते गांधीलमाश्यांकडे वळले. माशीने आपल्या अळीसाठी बिळात साठवलेले भुंगेरे दीर्घकाळ ताजे राहतात, याचे कारण ती सोडत असलेले एखादे टिकाऊ द्रव्य असावे, असे द्यूफूर मानत. १८५५ मध्ये फाब्र यांनी दाखवून दिले, की भक्ष्य मेलेलेच नसते. माशी नेमक्या मज्जाकेंद्रावर दंश करून त्याला लुळे करते आणि जिवंत शिदोरी म्हणून पिलासाठी ठेवते. कुंभारीण अळीला मातीच्या घरात कोंडते आणि त्या अळीचीच कुंभारीण होते, हा भ्रमर-कीटक न्याय आपल्या संतसाहित्यात वारंवार येतो. घरातून बाहेर पडते ते त्या अळीचे रूपांतर नसून तिच्यावर पोसलेले माशीचे पिलू असते, हे अशा निरीक्षणांमुळेच उलगडते.

कीटकांनी मात्र पोट भरत नव्हते. आव्हीन्यों येथे शिकवीत असताना फाब्र यांनी मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढण्याची पद्धत शोधली. त्यातून चार पैसे मिळतील आणि नोकरीच्या जोखडातून सुटका होईल, अशी त्यांची आशा होती. तेवढ्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम रंग तयार केला आणि हा धंदाच बसला. त्याच सुमारास त्यांनी मुलींनाही खुल्या असलेल्या सायंवर्गांत फुलांमध्ये फलन कसे होते ते समजावून सांगितले. सनातन्यांनी काहूर माजविले. १८७० मध्ये वर्ग सोडावे लागले आणि घरमालकिणींनी घरही रिकामे करायला लावले. पदरी मोठे कुटुंब. त्या वेळी आव्हीन्योंत राहणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल मदतीला धावले. त्यांनी हातउसने दिलेले तीन हजार फ्रँक फाब्र यांनी पाठ्यपुस्तके लिहून फेडले.

१८७७ मध्ये कीटकांच्या शोधात वडिलांबरोबर हिंडणारा त्यांचा मुलगा झ्यूल कोवळ्या वयात गेला. फाब्र यांनी काही गांधीलमाश्यांना त्याचे नाव दिले. दोन वर्षांनी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सेरीन्यां येथे त्यांना दगडधोंड्यांची, काटेरी झुडपांची सुमारे हेक्टरभर पडीक जमीन घेता आली. शेतकऱ्याने नाक मुरडावे असे ते माळरान. पण माश्या आणि भुंगेऱ्यांसाठी नंदनवन. हीच त्यांची प्रयोगशाळा. १८७९ ते १९०७ या काळात त्यांच्या कीटकविषयक आठवणींचे दहा खंड प्रसिद्ध झाले.

या माळावरचे प्रयोग कादंबरीपेक्षा रंजक आहेत. कोषातून नुकतीच बाहेर आलेली मोठ्या मयूर पतंगाची मादी त्यांनी जाळीखाली ठेवली, तर त्याच रात्री सुमारे चाळीस नर घरात घुसले. या निमंत्रणामागे गंध असावा, असे फाब्र यांनी ताडले. १९५९ मध्ये रेशीम पतंगातील असे गंधद्रव्य ओळखले गेले. पाइन वृक्षावरील अळ्या दिंडीसारख्या एकीमागे एक चालतात. १८९६ मध्ये त्यांची रांग एका मोठ्या कुंडीच्या काठावर गोल फिरू लागली आणि सात दिवस फिरतच राहिली. यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांत ही गोष्ट हमखास येते आणि शेवटी अळ्या भुकेने मरतात. प्रत्यक्षात आठव्या दिवशी काही अळ्या रांगेतून फुटल्या आणि सगळ्या जणी घरट्याकडे परतल्या.

उत्क्रांतीचा सिद्धान्त फाब्र यांना अखेरपर्यंत पटला नाही. उपजत प्रवृत्तीतील अचूकता त्यांना थक्क करीत राहिली आणि ती टप्प्याटप्प्याने घडली असेल, हे मान्य करायला त्यांचे मन धजले नाही. ही त्यांची मर्यादा होती. तरीही खुद्द डार्विन यांनी आपल्या ग्रंथात त्यांच्या निरीक्षणशक्तीची वाखाणणी केली आणि दोघांत पत्रव्यवहार होता. डार्विन यांच्या सूचनेवरून फाब्र यांनी गवंडी माश्यांना बंद करून गरगर फिरविले आणि लांब नेऊन सोडले. तरी बऱ्याच माश्या बिनचूक घरी परतल्या.

कीर्ती आली ती फार उशिरा. १९१० मध्ये चाहत्यांनी त्यांचा सत्कार केला, तर १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेमों प्वांकारे त्यांना भेटून गेले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी फाब्र निवर्तले. चेकोस्लोव्हाकियातील चापेक बंधूंच्या कीटकांवरील नाटकामागे त्यांच्या लेखनाची प्रेरणा होती. १९५१ मध्ये त्यांच्या जीवनावर फ्रेंच चित्रपट निघाला आणि जपानमध्ये तर त्यांची पुस्तके मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाचत आल्या. टाचणीला टोचलेले कीटक जमविणारे पुष्कळ होते. फाब्र यांनी मात्र जिवंत कीटकापुढे तासन्‌तास मांडी ठोकली आणि त्यासाठी हवे असलेले माळरान मिळेपर्यंत निम्म्याहून अधिक आयुष्य वाट पाहिली.